१४ वर्षांखालच्या मुली, बास्केटबॉल आणि धक्काबुक्की: नक्की काय शिकवायचं?

पीटीचा_तास

नमस्कार मंडळी. मी तालुक्याच्या गावातल्या एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. मूळचा खो-खोवाला, बास्केटबॉल स्वतः कधी स्पर्धेत खेळलेलो नाही. शाळेत सिमेंटचं कोर्ट आहे, दोन बोर्ड आहेत, मुलींना आवड आहे, म्हणून तीन वर्षांपूर्वी टीम काढली. नियमाचं पुस्तक वाचलं, व्हिडिओ बघितले, ड्रिबल, पास, लेअप (पळत येऊन बास्केटजवळ उडी मारून टाकायचा शॉट) सगळं बऱ्यापैकी बसलंय.

यंदा १४ वर्षांखालच्या शालेय स्पर्धेत तालुका निघालो आणि जिल्ह्याला पहिल्याच मॅचला शहरातली टीम समोर आली. त्यांच्या मुली अंगाने मोठ्या, आणि पहिल्या मिनिटापासून कंबरेला हात, कोपर, रिबाउंडला (हुकलेला बॉल पकडताना) मागून दाब, सगळं चालू. पंच काही वाजवेनात. माझ्या मुली बिचाऱ्या अंगाला अंग लागलं की बॉल सोडून बाजूला व्हायच्या, एक तर चक्क सॉरी म्हणाली. हाफटाइमला माझं डोकं फिरलं आणि मी म्हणालो, "तुम्ही पण लावा मग, बघू काय होतं." झालं काय ते सांगतो: तिसऱ्या क्वार्टरमध्ये माझ्या दोघी पाच-पाच फाऊल होऊन बाहेर, टीमच्या फाऊलची मर्यादा केव्हाच संपलेली, म्हणून त्या नुसत्या फ्री थ्रो टाकत बसल्या. शिट्टी आमच्याच वेळी बरी ऐकू आली.

दोन प्रसंग अजून डोक्यातून जात नाहीत. एक म्हणजे माझी सगळ्यात लहान मुलगी लेअपला उडाली आणि मागून दोन्ही हातांनी ढकलली, सिमेंटवर कोपर सोलून निघालं, पंचांनी साधा फाऊल दिला. दुसरा म्हणजे माझी डिफेंडर हात वर करून समोर होती, त्यांची मुलगी सरळ येऊन तिच्या छातीवर आदळली, आणि फाऊल कुणाला, तर माझ्या मुलीला! विचारलं तर म्हणे "ती हलत होती."

घरी आल्यावर एका आईचा फोन. "सर, तुम्हीच ढकलायला सांगितलंत म्हणे?" काय बोलणार, सांगितलं होतं.

तर विचारायचं हे की या वयात अंगाला अंग लावून खेळायला शिकवायचं का, शिकवायचं तर कसं, आणि पंच नेमकं काय बघतात? की मुलींना सांगायचं तुम्ही स्वच्छ खेळा, हरलो तर हरलो?

शिट्टी_नंबर_दोन

सर, मी जिल्हा पातळीवर अकरा वर्षं पंचगिरी करतोय, त्यामुळे शिव्या खायची सवय आहे, बिनधास्त बोला.

आधी दुसरा प्रसंग घेतो. "ती हलत होती" हे कारण चूक आहे. आपल्याकडे निम्मे कोच, सगळे पालक आणि दुर्दैवाने थोडे पंचसुद्धा असंच समजून चाललेत की डिफेंडर पुतळ्यासारखा उभा असला तरच चार्ज, म्हणजे बॉलवाल्याचा फाऊल. फिबाचा (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेचा) नियम तसं म्हणत नाही. डिफेंडरने एकदा समोर तोंड करून दोन्ही पाय जमिनीवर टेकवले की तिची जागा कायदेशीर झाली, त्यानंतर ती बाजूला सरकू शकते, मागे जाऊ शकते, जागच्या जागी सरळ वर उडी मारू शकते. बॉलवाली आली आणि तिच्या छातीवर-पोटावर आदळली तर फाऊल बॉलवालीचा. फक्त दोन गोष्टी: डिफेंडर पुढे झेपावलेली नको, आणि बॉलवाली हवेत गेल्यावर तिच्या वाटेत शिरलेली नको. जमिनीवर असलेल्या बॉलवालीला अंतर आणि वेळ द्यायची गरज नाही, तिने अडवलं जाणार हे धरूनच चालायचं. बॉल नसलेल्या मुलीला मात्र साधारण एक ते दोन पावलांची जागा द्यावी लागते. धक्का छातीऐवजी डिफेंडरच्या खांद्याला किंवा मांडीला बसला असेल तर बहुतेक ती उशिरा पोचली होती, मग ब्लॉकिंग, म्हणजे फाऊल डिफेंडरचा. तुमची मुलगी नक्की कुठे होती हे मी पाहिलेलं नाही, पण छातीवर आदळली असेल तर तुमच्यावर अन्याय झाला.

मुलींना मी कसं समजावतो सांगू? प्रत्येकीभोवती एक पत्र्याचं पिंप आहे असं समजा. पुढे तळहातापर्यंत, मागे पार्श्वभागापर्यंत, बाजूला हातापायांच्या बाहेरच्या कडेपर्यंत, आणि वरचं झाकण नाही, आकाशापर्यंत ते तुमचंच. हात कोपरात वाकवून वर धरायचे, पावलं आणि गुडघ्यांच्या पुढे जाऊ द्यायचे नाहीत. पिंपाच्या आत तुम्ही मालक. हात, कोपर, गुडघा, कंबर पिंपाबाहेर काढून दुसरीला लागलं तर जबाबदारी तुमची. बॉलवालीचंही पिंप असतं हे विसरू नका, तिला पिव्हट करायला (एक पाय रोवून वळायला) जागा लागते, तिच्या नाकाला नाक लावून उभं राहायचं आणि मग कोपर लागलं म्हणून ओरडायचं हे चालत नाही.

पहिला प्रसंग. हवेतल्या खेळाडूला मागून दोन्ही हातांनी ढकललं आणि बॉल खेळायचा काही प्रयत्नच नव्हता, तर मी अनस्पोर्ट्समनलाइक (खेळाला न शोभणारा) फाऊल दिला असता. दोन फ्री थ्रो, शिवाय बॉल परत तुमच्याच टीमला पुढच्या कोर्टात. असे दोन झाले की खेळाडू मॅचबाहेर. लहान मुलांच्या मॅचमध्ये आम्ही हा द्यायला कचरतो, "पोरगी आहे, मुद्दाम नसेल केलं" असं वाटतं. पण त्यात मुद्दाम केलं का हा प्रश्नच मुळात नसतो, धक्का कसला होता ते बघायचं असतं.

आता खरं सांगतो, आमच्या बाजूचं. दिवसाला सहा मॅच, दोनच पंच, ऑगस्ट-सप्टेंबरचं दमट ऊन नाहीतर पाऊस, चौथ्या मॅचला पाय चालत नाहीत आणि मग शिट्टी तोंडात राहते. प्रत्येक स्पर्शाला फाऊल नसतोच, त्या स्पर्शाने समोरच्याचा तोल, वेग किंवा लय बिघडली का ते बघायचं असतं. मोठ्यांच्या मॅचला एक क्षण थांबून बघता येतं, गडी दणकट असतो, धक्का खाऊनही बास्केट करतो. १४ च्या मुलींचं वजन ते किती, त्यांचा तोल कंबरेवर टेकवलेल्या एका हातानेसुद्धा जातो. म्हणजे कसोटी तीच लावली तरी लहानांत फाऊल जास्त निघायला हवेत, आणि आपल्याकडे बरोबर उलटं होतं, "लहान आहेत, खेळू दे" म्हणून सोडतात. मी स्वतः पहिल्या दोन-तीन मिनिटांत हाताचे सगळे फाऊल वाजवतो. पालक ओरडतात, मॅच रखडते. पण पाचव्या मिनिटाला मुलींचे हात आपोआप आत येतात. ते नाही केलं तर चौथ्या क्वार्टरला कबड्डी.

ऑरेंज_सिटी_गार्ड

भाऊ, नागपूरहून. आमच्याकडे पोरं चालायला लागली की कोर्टवर येतात म्हणून थोडा अनुभव सांगतो 😀

तुमची चूक "तुम्ही पण लावा" ही नाही. तुम्ही लावायचं कशाने ते सांगितलंच नाही, तिथे घोळ झाला. कॉन्टॅक्ट हे शिकवायचं स्किल आहे, ड्रिबलसारखंच. वर्षभर ज्या पोरी एकमेकींना हात न लावता ड्रिल करून राहिल्या त्यांना हाफटाइमला दोन मिनिटांत थोडीच येणार. हातच चालवणार ना त्या!

मी हे असं करतो. सगळ्यात पहिले पडायला शिकवतो. हो, पडायला. हनुवटी छातीला, आधी बसायचं आणि मग मागे घसरायचं, हात मागे टेकवायचे नाहीत, मनगट जातं. जुनी गादी किंवा शाळेची जाजमं टाका. पोरींना अंगाची भीती नसते हो, भीती पडायची असते, ती गेली की निम्मं काम झालं.

मग टॉवेल. डिफेंडरने नॅपकिनची दोन टोकं दोन हातांत धरून मानेमागे ठेवायचा, आणि नुसत्या पायांनी बॉलवालीला साइडलाइनकडे न्यायचं. पहिल्या दिवशी सगळ्या हरतात कारण हात नाही तर पाय हलवावे लागतात. दोन आठवड्यांत छाती समोर ठेवून सरकायला लागतात, आणि पंच म्हणतात तशी ती जागा कायदेशीर. टॉवेल नसेल तर दोन्ही मुठीत टेनिस बॉल द्या, मूठ बंद असली की पकडता येत नाही.

लेअपला धक्का सहन करायचा सराव: महागडे पॅड नकोत, दप्तरात जुन्या चादरी कोंबा, पट्टे आत दुमडा, आणि लेअपला पोरगी शेवटच्या पावलावर असताना दप्तराने खांद्याला हलका दणका द्या. हवेत असताना नाही, पाय टेकलेला असतानाच, हे लक्षात ठेवा. आधी शिट्टीची वाट बघतील, तुम्ही वाजवूच नका, बॉल बोर्डला लागला पाहिजे एवढंच सांगा.

आणि बॉक्सआउट. हे तर पोरींना फार आवडते. मधल्या वर्तुळात बॉल ठेवा, एकीने पाठ लावून दुसरीला बॉलपासून अडवायचं, मोजा पाच सेकंद. गुडघे वाकलेले, कंबर खाली, हात वर. मागे ढुंगण ढकलत न्यायचं नाही, फक्त जागा धरायची. तुमच्या शाळेत कबड्डीवाल्या पोरी असतील तर आणा बावा, पाय कसे रोवायचे ते त्यांना सांगावंच लागत नाही. पकडायची सवय तेवढी सोडवावी लागते.

एक गोष्ट मात्र नको. चार्ज घ्यायला, म्हणजे समोरून येणारीचा धक्का अंगावर घेऊन मागे पडायला, या वयात सिमेंटवर शिकवू नका. लाकडी फ्लोअरवर ठीक आहे, सिमेंटवर डोकं मागे आपटलं तर एका फाऊलसाठी फार महाग पडते. सरळ वर उडी मारून हात वर ठेवणं शिकवा, ते पुरते. आणि डोक्याला मार बसलाच तर त्या दिवशी पोरगी परत कोर्टवर नाही, "मी बरी आहे सर" म्हणाली तरी नाही.

सिमेंटवरचा

माफ करा पण मला हे सगळं जरा जास्तच नाजूक वाटतंय. मुंबईत वाढलो, नागपाड्याला मस्तान वायएमसीएच्या कोर्टवर तासन्‌तास उभं राहून मॅचेस बघितल्यात, तिथे आत शिरणाऱ्याला दणका बसणारच हे गृहीत होतं आणि त्यातूनच एकेक प्लेअर तयार झाले, बास्केटबॉलपटू अब्बास मुंतसिरसारखा माणूस त्याच वस्तीतून आला आणि १९७० ला अर्जुन पुरस्कार घेऊन गेला. टॉवेल आणि दप्तर नव्हतं कुणाकडे. पंचाने प्रत्येक हाताला शिट्टी मारली तर मॅच कसली, फ्री थ्रोची रांग, आणि या वयात फ्री थ्रो दहातले दोन जातात, म्हणजे स्कोअर ६-४. बघणाऱ्याला कंटाळा, खेळणाऱ्याला त्याहून.

सर, तुमचा खरा प्रॉब्लेम हा की तुमच्या मुली वर्षभर फक्त एकमेकींशीच खेळतात. आठवड्यातून दोन दिवस त्याच वयाच्या मुलांच्या टीमबरोबर खेळवा. सहा महिन्यांत समोर कोण आहे याने फरक पडणार नाही.

शिट्टी_नंबर_दोन

@सिमेंटवरचा मुलांबरोबर खेळवण्याचं पटलं, शंभर टक्के. बाकीचं नाही. दणकट वस्तीतून जे वर आले ते दिसतात, जे गुडघा घेऊन घरी बसले ते आपल्याला माहीतच नाहीत.

आणि एक गंमत सांगतो. जेम्स नेस्मिथने १८९१ साली अमेरिकेत स्प्रिंगफील्डला हा खेळ काढला तोच मुळी हिवाळ्यात बंद हॉलमध्ये पोरांनी एकमेकांना आडवं पाडू नये म्हणून. बॉल घेऊन पळायचं नाही हा नियम का आला? पळणारा नसेल तर त्याला पाडायचं कारणच उरत नाही. त्याच्या १३ नियमांतला पाचवा असा होता की खांदा मारणं, धरणं, ढकलणं, पाय घालणं, मारणं यातलं काहीही चालणार नाही, पहिल्यांदा केलं तर फाऊल, दुसऱ्यांदा केलं तर पुढचा गोल होईपर्यंत बाहेर. एका टीमने लागोपाठ तीन फाऊल केले की समोरच्यांना एक गोल फुकट. आज लावला तर जिल्ह्याच्या अर्ध्या टीम पाच मिनिटांत रिकाम्या होतील 😅

फ्री थ्रोच्या रांगेचं म्हणाल तर ती शिट्टीमुळे लागत नाही, हातामुळे लागते.

दोघींची_आई

मी कॉलेजला असताना विद्यापीठापर्यंत खेळले, आता दोन्ही मुली खेळतात. इथे सगळे पुरुष बोलताहेत म्हणून मुद्दाम लिहिते.

सर, सॉरी म्हणणाऱ्या त्या मुलीचं मला अगदी पटलं, मी पण म्हणायचे. आपल्या मुलींना घरी लहानपणापासून "नीट बस, सांभाळून, लागेल, अंगाला हात लावू देऊ नको" एवढंच ऐकवलेलं असतं, आणि मग तेराव्या वर्षी, शरीर बदलायला लागलेलं असताना, कोर्टवर सांगायचं पाठ लावून अडव. कशी जमेल एकदम? त्यामुळे बॉक्सआउट किंवा पोस्टला (बास्केटजवळ) कसं उभं राहायचं हे तुम्ही पुरुष सरांनी स्वतः अंगाला हात लावून दाखवू नका. दहावी झालेली एखादी मोठी मुलगी, माजी खेळाडू, नाहीतर ते दप्तर मध्ये घ्या. आणि करायच्या आधी मुलींना सांगा आज काय करणार, कुठे स्पर्श होणार, नको वाटलं तर सांगायचं. माझ्या धाकटीच्या कोचने हे केलं, दोन मुली पहिल्या आठवड्यात बाजूला बसल्या, तिसऱ्या आठवड्यात आपणहून आल्या.

पालकांची एक मीटिंग घ्या आणि त्यांच्यासमोर ते टॉवेलचं ड्रिल करून दाखवा. फोन करणाऱ्या त्या आईला तर पहिल्या रांगेत बसवा. ती रागावली कारण तिला "ढकला" एवढाच शब्द ऐकू आला.

आणि नखं! शालेय स्पर्धा नेमक्या गौरी-गणपतीच्या आसपास असतात, मुलींच्या हातात नवीन बांगड्या, कानात नवीन काहीतरी, नखं वाढवून रंगवलेली. नियमात नखं कापलेली हवीत असं स्पष्ट आहे, दागिना चालत नाही, पण तपासतंय कोण. माझ्या मोठीच्या डोळ्याखाली जी खूण आहे ती धक्क्याची नाही, नखाची आहे. मॅचच्या आदल्या दिवशी नेलकटर घेऊन बसा सरळ.

सिमेंटवरचा

नखांचं मान्य. दप्तराचं अजून नाही 🙂

पीटीचा_तास

मंडळी, महिन्याने लिहितोय, उशिराबद्दल माफी. सहामाही परीक्षा होती.

काय काय केलं ते सांगतो. टॉवेल सुरू केला, पहिल्या दिवशी आठवीच्या मुली हसून हसून पडल्या, पण नागपूरवाल्या भाऊंनी सांगितलं तसंच झालं, दहा-बारा दिवसांत पाय चालायला लागले. खो-खोचा माझा अनुभव इथे उपयोगी पडला, पाठलागात दिशा बदलताना कंबर खाली कशी ठेवायची हे मला येतं, तेच शिकवलं. पडायला शिकवलं तेव्हा मी स्वतः आधी पडून दाखवलं, त्याचा व्हिडिओ आता शाळेच्या ग्रुपवर फिरतोय, जाऊ दे.

बॉक्सआउटसाठी गेल्या वर्षी दहावी झालेली आमची एक कबड्डीपटू शनिवारी येते. पालकांची मीटिंग घेतली. फोन करणाऱ्या आई आल्या, सगळं बघितलं, शेवटी म्हणाल्या, "मग हे आधी का नाही शिकवलं?" बरोबरच आहे त्यांचं.

मुलांबरोबर सामना मात्र फसला. मुलं अंग चोरून खेळायला लागली, "मॅडमना लागेल" वगैरे चिडवाचिडवी, दोन दिवसांत बंद केला. दिवाळीनंतर परत बघू, पाचवी-सहावीची मुलं घेऊन.

गेल्या रविवारी शेजारच्या गावच्या शाळेशी मैत्रीपूर्ण सामना झाला. एका मित्राला बसवून फाऊल लिहून घेतले. जिल्ह्याच्या मॅचला स्कोअरशीटवर आमचे २३ होते, या वेळी ११, त्यातही हाताचे फक्त चार. समोरची टीम दुबळी होती हे मान्य, पण सॉरी कुणी म्हणालं नाही.

आता नवीन भानगड. माझी एक मुलगी स्क्रीन लावायला (आपल्या खेळाडूला वाट मिळावी म्हणून डिफेंडरच्या आड उभं राहायला) शिकलीय आणि तिला त्याचं वेड लागलंय. मागून जाऊन डिफेंडरच्या पाठीला चिकटून उभी राहते, ती बिचारी वळते आणि हिच्यावर आदळून खाली. ही दोन्ही पाय टेकवून, हात छातीवर घेऊन अगदी स्थिर उभी असते. पंच झालेल्या सरांनी दोनदा फाऊल दिला. शिट्टीवाले सर, यात तिची काय चूक?

शिट्टी_नंबर_दोन

चूक अंतराची. समोरून किंवा बाजूने, म्हणजे डिफेंडरला दिसेल असा स्क्रीन असेल आणि डिफेंडर जागेवर उभी असेल, तर अगदी जवळ उभं राहिलं तरी चालतं, फक्त टेकायचं नाही. मागून, तिच्या नजरेबाहेर लावायचा असेल तर तिला एक नॉर्मल पाऊल टाकायला जागा ठेवावी लागते. आणि डिफेंडर पळत असेल तर तिच्या वेगाप्रमाणे एक ते दोन पावलं, म्हणजे तिला थांबता किंवा वळता आलं पाहिजे. नियमात पाऊल कुणाचं, तर जी आदळणार आहे तिचं, हेही मुलीला सांगा, ती स्वतःच्या पावलाने मोजत असेल.

कोर्टवर खडूने एक पाऊल आखून द्या, आठवडाभर त्या रेघेमागेच स्क्रीन. तुमची मुलगी उंच आहे का हो?

पीटीचा_तास

सगळ्यात उंच. तिचं एक पाऊल म्हणजे त्या बाकीच्यांची दीड. उद्या खडू घेऊन जातो.